दादाचं मृत्युपत्र दादाच करणार

माझ्या दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हात स्थिर राहत नाहीत, बोलणं घरच्यांखेरीज कोणाला फारसं कळत नाही. पण म्युच्युअल फंडांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो, आणि बाबांनी मिरजेतला फ्लॅट त्याच्या नावावर केल्यापासून मेंटेनन्सच्या पैशांवरून सोसायटीला ईमेल तोच लिहितो. यंदा त्याने मृत्युपत्र करायचं ठरवलं. नातेवाइकांनी त्याच्यादेखत मला विचारलं, "त्याला कळतं का गं यातलं?"

त्याला विचारा ना!

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्याच्या कलम ५९ मध्ये स्वच्छ लिहिलंय की आंधळी, बहिरी, मुकी माणसंही मृत्युपत्र करू शकतात, आपण काय करतोय हे त्यांना समजत असलं म्हणजे झालं. मन एरवी ठिकाणावर नसणाऱ्यालाही ते ठिकाणावर असताना करता येतं. उलट एखादा धडधाकट माणूस नशेत किंवा आजारपणात भान हरपलेला असेल, तर त्याला करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तर नुसता मानसिक आजार आहे म्हणून कोणाला विकल मनाचं मानता येत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. मग दादाच्या थरथरत्या हातांवरून त्याची अक्कल जोखायचा अधिकार नातेवाइकांना कोणी दिला?

सहीचाही बाऊ नको. कलम ६३ प्रमाणे अंगठा चालतो, किंवा त्याच्यासमोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने केलेली सही चालते. साक्षीदार मात्र किमान दोन हवेत.

खरी काळजी वेगळीच होती. दादाला फ्लॅट माझ्या मुलीला द्यायचाय आणि बरीचशी रक्कम त्याची आंघोळ-कपडे करणाऱ्या काकांना. ज्याला मोठा लाभ मिळतो तोच मृत्युपत्र करून घेण्यात पुढे असेल तर संशय उत्पन्न होतो, आणि तो दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. म्हणून वकीलबाईंनी काकांना आणि मलाही खोलीबाहेर काढलं. मला ते फार आवडलं. आत त्यांनी हो-नाहीचे प्रश्न टाळले. मालमत्ता कोणती, जवळचे कोण, कोणाला काय आणि का, हे सगळं विचारून त्या थांबल्या. दादाने एकेक अक्षर फोनवर टाईप केलं. त्याचा व्हिडिओ झाला. त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याच्याशी बोलून दाखला दिला.

चुलतभावाला त्याने काहीच ठेवलेलं नाही. आत्या म्हणते, "हे काही बरोबर नाही, त्याला समजावून सांग." मी सांगणार नाही. धडधाकट माणसाने असं केलं असतं तर त्याला लहरी म्हटलं असतं, त्याच्या समजेवर कोणी बोट ठेवलं नसतं. आवडीनिवडीने देण्याचा हक्क दादालाही आहे.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दादाला ती हवीच आहे. शारीरिक अडचण असेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो. तसा अर्ज दादाने लिहून ठेवलाय, सोमवारी मी दुय्यम निबंधकांकडे देऊन येईन.