सहीची बॅट आणि वडापाव

आज शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी गरजू पोरांच्या फीसाठी लिलाव ठेवला होता, मेन आयटम म्हणजे एका रणजी प्लेयरची सही असलेली बॅट, सही पण अर्धी पुसलेली, बेस प्राइस १० हजार. माईकवर "दहा हजार एक वार…" चालू आणि समोर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून. शेवटी लाजेखातर एका काकांनी साडेदहा हजाराला घेतली, आता हॉलचं भाडं, साउंडवाला, फ्लेक्स धरला तर हातात काय उरलं विचारूच नका. बाहेर पोरींचा वडापावचा स्टॉल मात्र चारलाच संपला, १४ हजार गल्ला!

आता कोणी म्हणेल ऑस्ट्रेलियाचा स्पिनर शेन वॉर्नची टोपी २०२० मध्ये तिथल्या वणव्याच्या मदतीसाठी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली, धोनीची २०११ च्या वर्ल्ड कप फायनलची बॅट लंडनला १ लाख पौंडांना गेली. गेली ना, पण टोपी घेतली कोणी तर ऑस्ट्रेलियातल्याच एका बड्या बँकेने. आमच्या हॉलमध्ये सगळे बँकेचे हप्ते भरणारे 😄

पुढच्या वर्षी परत लिलावच करायचा म्हणतायत. मी आत्ताच सांगून ठेवलंय, माझं नाव वडे तळायला लिहा.