तुम्ही विचारलंत म्हणून: राज्य बदलताना जुनं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

मला जुन्या पिस्तुलांचा नाद आहे हे ओळखीच्या मराठी मंडळींत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे कोणी ना कोणी विचारतंच, "काका, टेक्सास सोडून न्यू जर्सीला चाललोय. इथे एक झकास जुनं रिव्हॉल्व्हर बघून ठेवलंय. आत्ताच घेऊ, की तिकडे गेल्यावर?"

टेक्सासमध्ये राहताय तोवर ते प्रत्यक्ष हातात पडणार असेल, तर आत्ता घ्या. पडणार नसेल तर न्यू जर्सीत स्थिरस्थावर होईपर्यंत नाव काढू नका. अर्धं इथे, अर्धं तिथे असे जे महिने असतात, त्यात हा व्यवहार करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याआधी एक चाळणी. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर विषय जवळपास संपला. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक घ्यायला आणि बाळगायलाही केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. शिकारीचा परवाना असला तर सूट मिळते, पण कपाटात ठेवायच्या शोभेच्या वस्तूसाठी त्या फटीतून शिरायचा खटाटोप मी तरी कोणाला सुचवणार नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आता मूळ गोष्ट. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, तुम्ही ज्या राज्यात राहता तिथल्याच परवानाधारक डीलरकडून ताब्यात घेता येते. रायफलीला थोडी मोकळीक आहे, हँडगनला नाही. राहता म्हणजे काय, तर घर करून राहण्याच्या इराद्याने तिथे असता. खिशातलं ड्रायव्हिंग लायसन्स हा फक्त पुरावा. न्यू जर्सीत नव्या रहिवाशाला लायसन्स बदलायला ६० दिवस मिळतात, आणि नेमक्या त्या दिवसांत लोकांना वाटतं की टेक्सासचं कार्ड अजून चालू आहे तर एक चक्कर मारून येऊ. डीलरकडे जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, त्यात सध्या राहत असलेला पत्ता लिहावा लागतो. तिथे सोडलेल्या घराचा पत्ता लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे आणि शिक्षा १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. ज्यांची खरोखरच दोन राज्यांत दोन घरं आहेत, ते ज्या काळात जिथे राहतात तिथले रहिवासी धरले जातात. चाव्या परत करून आलेल्या भाडेकरूला हा नियम लागू नाही.

लिलावात घेणाऱ्यांना तर हमखास झटका बसतो. बोली जिंकली, पैसे भरले, लिलाववाल्यांनी माल तुमच्या टेक्सासच्या डीलरकडे रवाना केला, आणि तो पोचेपर्यंत तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावी नव्या अपार्टमेंटमध्ये खोकी उघडत बसलात. आता तो डीलर तुम्हाला ती वस्तू देऊ शकत नाही. त्याने ती न्यू जर्सीच्या डीलरकडे पाठवायची, आणि तिथे प्रत्येक हँडगनसाठी वेगळा खरेदी परवाना लागतो. तो गावच्या पोलिसांमार्फत, बोटांचे ठसे वगैरे देऊन. तोवर रिव्हॉल्व्हर कोणाच्या तरी तिजोरीत.

मग आपला खास देशी तोडगा पुढे येतो: "भाऊजी डॅलसमध्येच आहेत, त्यांच्या नावावर घेऊन ठेवू." मुळीच नको. आपण स्वतःच खरे खरेदीदार आहोत का, हे त्याच फॉर्मवर विचारलेलं असतं. फ्लॅटच्या बाबतीत जे नातेवाईक सर्रास करतात, ते इथे केलं तर भाऊजी थेट आरोपी होतात.

संग्राहकांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली बंदूक केंद्राच्या लेखी 'क्युरिओ अँड रेलिक' ठरते आणि त्यासाठी संग्राहकाचं लायसन्स मिळतं. फी ३० डॉलर, मुदत ३ वर्षं. ते असलं की अशी जुनी हँडगन दुसऱ्या राज्यातूनही घेता येते. वहीत नोंद ठेवावी लागते. शिवाय हे लायसन्स पत्त्याला चिकटलेलं असतं. जागा बदलायच्या किमान ३० दिवस आधी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, आणि मूव्हर ठरवायच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. शिवाय त्याने न्यू जर्सीचा खरेदी परवाना चुकत नाही. १८९८पर्यंत बनलेली हत्यारं तर केंद्राच्या या कायद्यात 'फायरआर्म'मध्येच मोडत नाहीत, पण राज्याचा कायदा त्यांच्याकडे कसा पाहतो हे वेगळं तपासायला लागतं.

टेक्सासमध्ये असताना मी घेतलं ते वेब्ली मार्क सहा. बर्मिंगहॅमची बनावट, .४५५ कॅलिबर, १९१५ साली ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेलं. वजन जवळजवळ अकराशे ग्रॅम. मधोमध मोडून उघडलं की रिकामी काडतुसं एका झटक्यात वर येतात. त्या काळी हिंदुस्थानात नेमणुकीवर आलेल्या कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला वेब्लीच असायचं, आणि खरं सांगायचं तर माझी ओढ तिथून आहे. पुण्याच्या माणसाने साहेबाचं रिव्हॉल्व्हर डॅलसमध्ये रोख पैसे मोजून घ्यावं, यात मला थोडी मजा वाटते. घेताना आधी सिलिंडरची, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याची, मागची बाजू पाहा. युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या असंख्य वेब्लींचे सिलिंडर इथली .४५ एसीपी गोळी बसावी म्हणून घासून कमी केलेले आहेत. एक तर संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, आणि दुसरं म्हणजे आजची पूर्ण दाबाची .४५ एसीपी त्या जुन्या पोलादाला झेपेलच असं नाही. विक्रेता "दोन्ही गोळ्या चालतात" असं कौतुकाने सांगायला लागला की मी भाव करायचं सोडून पुढच्या टेबलाकडे वळतो.

आधीच घेतलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन जाणं त्या मानाने सोपं. बऱ्याच मूव्हर कंपन्या बंदुका नेत नाहीत, म्हणून आपल्याच गाडीतून. १९८६च्या केंद्रीय कायद्याने मधल्या राज्यांतून जायला संरक्षण दिलंय, मात्र दोन्ही टोकांना ती बाळगणं कायदेशीर हवं, बंदूक रिकामी हवी आणि ती किंवा गोळ्या हाताशी नकोत. डिकी उत्तम. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटी, पण ग्लोव्ह कंपार्टमेंट चालत नाही. आर्कन्सा, टेनेसी, व्हर्जिनिया अशी लांबलचक वाट आहे. वाटेत नातेवाइकांकडे चार दिवस मुक्काम टाकलात तर तो प्रवास धरला जाईल का, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा तो बेत नंतरच्या सुट्टीत ठेवा. न्यू जर्सीत पोचल्यावर ६० दिवसांत तिथल्या बंदूक-खरेदीदाराच्या ओळखपत्राचा अर्ज करायचा आणि हँडगनची नोंद करायची. २०२२पासून हे आलंय, आणि जुन्या माहितीवर चालणारे बरेच जण अजून "आणलेल्या बंदुकीला काही लागत नाही" असं छातीठोकपणे सांगतात.

खरेदीची पावती तारखेसकट जपा, आणि तिच्याच फायलीत टेक्सासच्या भाडेकराराची प्रत लावून ठेवा.