दुसऱ्याच्या पाण्यावरची नदी

लू हे नाव ऐकून विदर्भातला माणूस आधी कानाला रुमाल बांधेल. पण ही लू थंडगार आहे. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युराचे चुनखडीचे डोंगर आहेत. तिथे ऊआं गावाजवळ एका उंच कड्याच्या पोटातून ती बाहेर पडते. गोमुखातली बारीक धार वगैरे नाही, गुहेतून अख्खी नदीच येते. जन्मतःच एवढा जोर की उगमाला चिकटूनच गिरण्या चालत. काठावरच्या ओर्नां गावचा चित्रकार कुर्बे याने 1864 साली गुहेचं ते काळं तोंड पुन्हा पुन्हा रंगवलं.

एवढं पाणी येतं कुठून, याचा पत्ता दारूने सांगितला.

11 ऑगस्ट 1901, रविवार. दू नदीकाठच्या पोंतार्लिए गावात पर्नोच्या अ‍ॅब्सिंथ कारखान्यावर वीज पडली. टाक्यांचा स्फोट होऊ नये म्हणून दारू सोडून दिली, ती गेली दूमध्ये. दोन दिवसांनी सरळ रेषेत सुमारे 12 किलोमीटरवर, लूच्या उगमाला अ‍ॅब्सिंथचा वास! या दारूत बडीशेपेच्या जातीचा इतका उग्र वास असतो की ओळखायला पट्टीचा पिणारा लागत नाही. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ मार्सेलां बेर्तलो यांचे चिरंजीव आंद्रे बेर्तलो यांनी तो ओळखला. पण वास म्हणजे पुरावा नव्हे. 1910 मध्ये गुहांचे अभ्यासक मार्तेल यांनी दूच्या पात्रातल्या एका भोकात फ्लुओरेसिन हा रंग ओतला आणि लू हिरवी झाली.

कारण साधं आहे. पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडक विरघळवतं. हजारो वर्षांत भेगांची भुयारं होतात. दू वरून वाहते आणि बुडाला गळते. गंमत म्हणजे ती स्वतः स्वित्झर्लंडला शिवून, मोठा वळसा घालून जाते, तिची एकूण लांबी 453 किलोमीटर. लू मात्र 120 किलोमीटरच्या आसपास आडवाटेने येऊन दोल शहराच्या खाली तिलाच मिळते. उसनवारी व्याजासकट परत.

भुयारी पाण्याची गोम अशी की ते गाळलं जात नाही. जाड माती पाणी झिरपत नेते, भेग ते नुसतं पुढे ढकलते. वरच्या पठारावर माँबेलियार्द गाई चरतात. त्यांच्या दुधाचं काँते चीज होतं, 40 किलोच्या एका चाकाला सुमारे 400 लिटर दूध लागतं. गाई म्हटलं की शेण-मूत आलंच. गोठ्यात पेंढा अंथरला तर ते घट्ट खत होतं. पेंढा नसेल तर पातळ रबडी. ती गोठलेल्या किंवा पावसाने तुडुंब जमिनीवर फवारली की गवत ती घेतच नाही. पहिल्या सरीबरोबर भेगेत. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, गावांचं सांडपाणी, शिवाय कापलेल्या लाकडाला लावायची कीडनाशकं, सगळं एकाच तोंडातून बाहेर येतं. मग तळच्या गोट्यांवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि ट्राउटच्या अंड्यांना लागणारी खडीतली पोकळी बुजते. 2010 मध्ये इथे मासे मोठ्या संख्येने मेले. एकट्या गाईला दोष देणं सोयीचं आहे, पण पुरेसं नाही.

दूकाठच्या गिरणीवाल्यांना ती भोकं बुजवायची होती. लूकाठच्यांनी अर्थातच विरोध केला. 2018 च्या दुष्काळात पोंतार्लिएच्या खाली दूचं पात्र कोरडं पडलं, उघड्या दगडांत भोकं दिसू लागली आणि भांडण पुन्हा निघालं.