निखाऱ्याला धूर नसतो, मग भीती कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाच्या गावांत आरोग्यसेविकेचं काम करताना हा प्रश्न मला बाळंतिणीच्या खोलीत हमखास ऐकू येतो. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा-बाळंतशोपांची धुरी, दार लोटलेलं, खिडकीच्या फटीत जुनेर कोंबलेलं. मी खिडकीला हात घातला की सासूबाई म्हणतात, "सिस्टर, वारं लागंल बाळाला. आन् धूर कुठाय? निखारं हायेत नुसतं. आमची बाळंतपणं अशीच झाली की!"

झाली, हे खरंच आहे. पण ती कौलारू घरात झाली. भिंत आणि आढं यांच्या मधे हात जाईल एवढी मोकळीक असायची, कौलांच्या सांदीतून उजेड दिसायचा. थंडी वाजायची, पण खोलीतली हवा सतत बदलत राहायची. आता स्लॅब पडला, भिंतींना गिलावा झाला, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. आमच्याकडे पाऊस आडवा मारतो, तेव्हा त्या दिवसदिवस उघडत नाहीत. शेगडी मात्र तीच राहिली.

लाकूड किंवा कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. ज्वाळा धडधडत असली तर त्यातला बराचसा वर जाताजाताच जळून जातो. निखाऱ्यावर ज्वाळाच नसते, म्हणून तो तसाच खोलीत पसरतो. ओलं लाकूड खोकायला लावून माणसाला बाहेर तरी काढतं. निखाऱ्यापाशी माणूस उबेनं सुस्तावतो आणि झोपतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 ते 250 पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला, हृदयाला ऑक्सिजन पुरत नाही. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भरभर चालतो, म्हणून त्याला आधी बाधतं. पोटातल्या बाळालाही बाधतं.

म्हणून मी शेक बंद करा म्हणत नाही, जागा बदला म्हणते. निखारे पडवीत फुलवा, शेक द्यायचा तर दार सताड उघडं ठेवा, आणि शेक झाला की शेगडी बाहेर न्या. झोपायच्या खोलीत ती नकोच. बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांना पांघरूण घाला, बाळाचं तोंड तेवढं मोकळं ठेवा. इतकी चांगली ऊब शेगडी देत नाही. धुरी मात्र बाळाला देऊच नका, यात माझी तडजोड नाही.

चुलीचंही तेच. सरपण फोडून, पावसाआधी सुकवून ठेवा. धुरांडं असेल तर मिरगाच्या आधी काजळी काढा, आत पाखरानं घरटं केलंय का बघा. तोंड बुजलं की सगळं उलटं घरात येतं. स्वयंपाक करताना समोरासमोरची दार-खिडकी उघडी हवी. आणि एक गोष्ट फार कुणाच्या ध्यानात येत नाही: सकाळी विस्तव लगेच मिळावा म्हणून रात्री निखारे राखेत पुरून ठेवतात. ते रात्रभर आतल्या आत धुमसतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण ऊब म्हणून नेमकं चुलीपाशी असतं. अंथरूण तरी हलवा, नाहीतर निखारे बाहेर नेऊन पाण्यानं विझवा. पाण्याचा बंब अंगणातच बरा. न्हाणीघरातला गॅस गिझरही खिडकीशिवाय तितकाच वाईट.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म बाजारात मिळतो. घरात शेगडी-चूल असेल तर तो झोपायच्या खोलीत लावा. पण अलार्म आहे म्हणून खिडकी लावू नका.

डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटणं. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असं होतंय आणि अंगणात गेलं की बरं वाटतंय, तर पित्त समजू नका. सगळ्यांना बाहेर काढा. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं नको. कुशीवर वळवा, 108ला फोन करा. श्वास चालत नसेल आणि छाती दाबायचं तुम्हाला जमत असेल, तर लगेच दाबायला लागा.

दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "खोलीत शेगडी होती." कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि या वायूनं भरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही, माणूस गुदमरलेला असताना ते 98 दाखवू शकतं. शेगडीचं कळलं तर डॉक्टर आकड्यावर न थांबता लगेच मास्कनं ऑक्सिजन लावतील. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात तो निम्म्यावर येतो.