समेच्या आधी

रविवारी सकाळी पोहे चाळणीत निथळत पडले की आमच्या ओट्यावर क्यूबा सुरू होतो. इराकेरे हा माझा लाडका वाद्यवृंद. चुचो वाल्देस या पियानोवादकाने तो १९७३ साली हवानात उभा केला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार, काँगा आणि योरुबा देवतांच्या पूजेत वाजणारे बाता ढोल, सगळे एकाच ताटात. त्यांचं एक गाजलेलं गाणं चक्क खारवलेल्या माशाचं आणि पावाचं आहे, म्हणजे कोकणातल्या माणसाने लगेच नातं जोडावं.

आई भजनी मंडळात टाळ वाजवते. कुठलंही गाणं लावा, तिचा हात आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधतो. कोथिंबीर निवडता निवडता ती म्हणाली, "अगं, हा खालच्या आवाजाचा दर वेळी आधीच का येतो? थांबायला सांग त्याला."

तिने नेमकी मेख धरली होती. क्यूबन बास, तोच खालच्या आवाजाचा, चारातल्या चौथ्या मात्रेवरच पुढचा सूर पकडून बसतो, आणि ऐन समेवर गप्प. फंक या अमेरिकी नाचऱ्या संगीताचं बरोबर उलटं. त्यातला बडा गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सांगायचा, काय हवं ते वाजवा, पण पहिल्या मात्रेवर सगळे एकदम या. मी त्याचं एक गाणं लावलं. "हा बघ, हा वेळेवर येतो," आई खूश. आता या दोन स्वभावांना एका घरात नांदवायचं! इराकेरेने तो संसार केला, आणि १९८० मध्ये ग्रॅमीही घेतलं.

त्या संसाराचा कणा म्हणजे क्लावे. हाताच्या ओंजळीत एक लाकडी दांडकं धरायचं, दुसऱ्याने त्यावर ठोकायचं. चिपळ्याच, फक्त झांजा काढलेल्या. सोळापर्यंत मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. तीन टाळ्या तिरक्या, दोन सरळ. मी चार वर्षं ऐकतेय, अजून अकराला घसरते. आईला दुसऱ्या खेपेला जमलं. गंमत म्हणजे कित्येकदा ती दांडकी कुणी वाजवतही नाही. डझनभर माणसं फक्त मनात धरून असतात, आणि एकाचं जरी सुटलं तरी जाणकाराला लगेच खटकतं.

"आमच्यात पण तसंच," आई म्हणाली. "टाळ थांबला तरी लय थांबत नाही."

एवढ्यात पोहे सुकून कोरडे ठणठणीत. पाण्याचा हबका मारून कसेबसे परतले.

गुरुवारी ती मंडळातून जरा लवकरच परतली. अभंग रंगात आलेला असताना तिचा टाळ समेच्या अर्धी मात्रा आधीच पडला, तोही दोनदा. बुवांनी डोळे वटारले म्हणे.

"मुद्दाम नव्हतं गं," ती म्हणाली. पण चपला काढताना उंबऱ्यावर तिची बोटं वाजत होती. तीन तिरक्या, दोन सरळ.