साडेसात गुण

आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, समन्वयकपद कॉलेजात कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात पडून बरीच वर्षं झाली. शिकवते मी भौतिकशास्त्र, पण स्टाफरूममध्ये माझी ओळख 'फाईलवाल्या मॅडम'. कुणाचं प्रमोशन निघालं की त्याच्या आजवरच्या संशोधनाची बेरीज करायची, कागदांना पानक्रमांक घालायचे आणि समितीपुढे उभं राहून "सर, पान एकशे बेचाळीस" म्हणायचं.

यंदा एप्रिलात दोघांची प्रोफेसरपदाची मुलाखत होती. (समित्या कोकणात एप्रिलातच का येतात, हे हापूसच्या बागायतदारांना विचारा.) एक केमिस्ट्रीचे सर, एक इतिहासाचे.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे कॉलेजातल्या असोसिएट प्रोफेसरला प्रोफेसर व्हायचं तर पीएच.डी. हवी, किमान १० शोधनिबंध हवेत, त्यातले ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि एकूण संशोधनगुण ११०. विज्ञानाच्या निबंधाला ८ गुण, भाषा-इतिहासवाल्यांच्या निबंधाला १०. हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं, कलाशाखेची चंगळ आहे. पण खाली इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचे सरासरी किती दाखले दिले जातात त्या आकड्याची, ओळ आहे. तो एक ते दोनच्या दरम्यान असेल तर १५ गुणांची भर, दोन ते पाच असेल तर २०, दहाच्या वर गेला तर ३०. मराठीत इतिहासावर लिहिणाऱ्याच्या वाट्याला ही ओळ येणार कुठून?

शिवाय लेखकांची वाटणी. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. तिसरा आला की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०-३०. म्हणजे कामात एक माणूस वाढला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे गुण निम्म्याहून खाली.

केमिस्ट्रीच्या सरांची फाईल जाडजूड होती. त्यांना कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत विषारी वाफा ओढून घेणारं धड फ्यूम हूड नाही. एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीसाठी, सॅम्पल बाहेर पाठवायचं, पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे आणि महिनाभर वाट बघायची, असे त्यांनी ते निबंध उभे केलेत. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचं काम झालं.

मग इतिहासाचे सर आत आले. हा माणूस मोडी वाचतो. वाचतो म्हणजे दोन ओळी लावून दाखवतो असं नव्हे, खोतांच्या घरातले वाळवी लागलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडून बसतो. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सन आकड्यांत असेलच असं नाही. 'खमस सबैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे जुन्या दप्तरांतल्या कालगणनेचा शुहूर सन ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४. तेही मृगापासून पुढचे महिने असतील तर. जानेवारी लागला असेल तर ६०० मिळवायचे. एका कागदाला आठवडा सहज जातो. त्यांनी असा एक अख्खा रुमाल लिप्यंतर करून छापला. छापला कुणी, तर गावच्या देवस्थानानं. आता गुणतक्त्यात भाषांतरित पुस्तकाला ८ गुण आहेत, लिप्यंतराला रकानाच नाही. आणि देवस्थान काही 'राष्ट्रीय प्रकाशक' नव्हे. गुण शून्य. तरी मी ते पुस्तक फाईलला जोडलं होतं. समितीत कुणी ते उघडलं नाही.

त्यांची बेरीज मला आजही पाठ आहे. एकट्यानं लिहिलेले ७ निबंध, गुण ७०. दुसऱ्याबरोबरचे २, प्रत्येकी ७ प्रमाणे १४. एका ग्रंथाचे १०, हातून एक पीएच.डी. झालेली तिचे १०. झाले १०४. दहावा निबंध इंग्रजीत, एका पर्यावरणविषयक नियतकालिकात, इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या वर. दहा अधिक पंधरा पंचवीस, लेखक तिघे म्हणून सरांना त्याचे ३० टक्के, साडेसात. एकूण १११.५. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, पण निबंध छापला त्या वेळची नोंद हवी म्हणून यादीच्या पानाचा तारखेसकटचा स्क्रीनशॉटसुद्धा मी लावला होता.

हा दहावा निबंध जन्माला आला तो स्टाफरूममध्ये. सरांना एका आगराची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेची, जुनी मोजदाद सापडली होती. माड किती, पोफळी किती, फळते किती, नवी लावण किती, शिवाय आंबा, फणस, उंडी. आगराच्या चतुःसीमा दिलेल्या, पूर्वेस व्हाळ (ओढा), पश्चिमेस खाजण (खाडीकाठची खारी जमीन). वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी तो कागद ऐकला आणि म्हणाल्या, "हे आगर अजून आहे का? असेल तर झाडं मोजू." आगर होतं, पण व्हाळ नव्हता. तो कुठून वाहत होता हे सांगितलं त्याच वाडीतल्या एका विद्यार्थ्यानं, आपल्या आजीला विचारून. त्याच पोरानं मग हातात जीपीएस घेऊन सगळी हद्द चालून काढली. कागदातली उंडीची झाडं आज तिथं जवळपास नाहीत. पूर्वी उंडीच्या तेलावर दिवे जळत, होड्यांना ते तेल लावत. रॉकेल आलं, वीज आली, आणि ते झाड कुणाला नकोसं झालं. मॅडमनी त्याचे तक्ते केले, आलेख काढले.

निबंध पाठवायच्या वेळी सर म्हणाले, पोराचं नाव घाला. मी त्यांना वाटणीचा हिशोब सांगितला होता. दोनच नावं राहिली तर तुम्हाला साडेसतरा, तिसरं आलं तर साडेसात. ते म्हणाले, "मॅडम, व्हाळ त्यानं शोधला. मी फक्त वाचला."

समितीतल्या विषयतज्ज्ञांनी निबंध चाळला. "यात हिस्टरी कुठे आहे? झाडांची नावं लॅटिनमध्ये, आलेख, स्टॅटिस्टिक्स. हे बॉटनी आहे."

सरांनी पिशवीतून मूळ कागदाची झेरॉक्स काढली आणि वाचायला सुरुवात केली. तारीख, सन, आगरवाल्याचं नाव, मग झाडं. खोलीतला पंखा करकरत होता. कुलगुरूंचे प्रतिनिधी खरंच ऐकत होते असं मला वाटलं. तज्ज्ञ म्हणाले, "ते ठीक. पण हे ॲनालिसिस तुम्ही केलंत का?"

"नाही. आलेख मॅडमचे. कागद माझा."

एवढंच. दुसरा कुणी असता तर 'आम्ही सर्वांनी मिळून' म्हणून मोकळा झाला असता.

न राहवून मी मध्ये बोलले. म्हटलं, सर, विज्ञानाचा निबंध धरला तरी आठ अधिक पंधरा तेवीस, त्याचे ३० टक्के ६.९. बेरीज ११०.९ होते. माणूस तरीही पात्र ठरतो. तज्ज्ञ म्हणाले, "प्रश्न गुणांचा नाही, विषयाचा आहे. उमेदवार इतिहासात प्रोफेसर होणार." निबंध वगळला गेला. गुण १०४, निबंध ९. शेरा पडला: 'संशोधनगुण अपुरे, महाविद्यालयाकडून खुलासा मागवावा.'

सरांनी हजेरीपत्रकावर सही केली आणि निघाले. दुपारच्या पेपरला त्यांचं सुपरव्हिजन होतं.

जेवताना गप्पा आंब्यांवर आल्या, त्या येणारच होत्या. तज्ज्ञांना साका न होणारा, म्हणजे आतून पांढरट, स्पंजासारखा न निघणारा आंबा हवा होता. मी म्हटलं, मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रत्ना' घ्या. नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ चा. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधु' आला १९९२ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत संशोधकानं दर वर्षी कुठला रकाना भरायचा, असंही मी विचारलं. ते हसले आणि सोलकढी मागितली. संध्याकाळची जनशताब्दी गाठायची होती, पेट्या आधीच गाडीत गेल्या होत्या.

तज्ज्ञांचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. नुसतं नाव घुसवून गुण खाणारे मी खूप पाहिलेत, आणि 'यातलं तुमचं काय' हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायलाच हवा. पण तो सगळ्यांना विचारा की. माझ्या विषयात २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला, त्याला ५,१५४ लेखक होते. आमच्या तक्त्याप्रमाणे त्यातल्या बहुतेकांना सुखेनैव ३० टक्के मिळतील. आणि त्याच सकाळी केमिस्ट्रीच्या फाईलमधल्या सहा-सहा लेखकांच्या निबंधांवर एकही प्रश्न आला नव्हता. ज्यानं खरं काय ते सांगितलं, त्याचाच निबंध गेला.

खुलासा मी लिहिला आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनाला प्रोत्साहन द्यावं असं सगळी परिपत्रकं सांगतात, ती जोडली आहेत. मूळ कागदाची झेरॉक्स आणि त्याचं लिप्यंतर जोडलं आहे. मॅडमचं पत्र जोडलं आहे, की हा कागद वाचला गेला नसता तर मोजायला काहीच नव्हतं. सरांनी ते सगळं वाचून फक्त एक शुद्धलेखनाची चूक काढली.

मग त्यांनी विचारलं, "मॅडमची फाईल कधी आहे?"

पुढच्या वर्षी. तोच निबंध, त्यांच्या वाट्याला ७० टक्के. समोर बॉटनीचे तज्ज्ञ असतील, आणि पहिल्याच पानावर मोडी कागदाचा फोटो आहे.