लेखनिक बदलायचा होता, एवढंच!

टी.वाय.च्या अर्थशास्त्राच्या वर्गात माझा एक विद्यार्थी पूर्ण अंध आहे. वर्गात त्याचं फारसं काही अडलं नाही. फोनमधलं टॉकबॅक त्याला नोट्स वाचून दाखवतं, आणि मीही फळ्याकडे बोट करून "हे असं इथून इथे" म्हणायचं सोडून "किंमत वाढली की मागणीवक्रावर आपण वर, डावीकडे सरकतो" असं बोलायला लागले. बाकीच्या मुलांनाही त्यामुळे आलेख जास्त कळला, हे वर.

घोडं पेंड खाल्लं ते परीक्षेच्या लेखनिकापाशी, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देणाऱ्या मदतनिसापाशी.

पहिला अर्ज सुरळीत गेला होता. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), प्राचार्यांचं पत्र, लेखनिक मुलीचा फोटो आणि ओळखपत्र. ती आमच्याच ज्युनिअर कॉलेजची, बारावी कॉमर्सची. मग विद्यापीठाचं वेळापत्रक बदललं आणि पेपर नेमका तिच्या सहामाहीच्या दिवशी आला. दुसरा मुलगा शोधला, कागद तयार केले आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेले.

"मॅडम, नाव एकदा गेलं की बदलत नाही."

"अहो, तिची स्वतःची परीक्षा आहे त्या दिवशी."

"मग आधी बघायचं ना. आणि सिव्हिल सर्जनचं नवीन सर्टिफिकेट पण लागेल."

आधी कसं बघणार? वेळापत्रक तुम्हीच बदललंत! पण खिडकीशी भांडून फायदा नसतो. घरी येऊन केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची 29 ऑगस्ट 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट लिहिलंय की आणीबाणीत लेखनिक बदलण्याची मुभा ठेवावी, आणि वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिकही चालतात. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी यांत उमेदवाराने मागितला की लेखनिक द्यायचा. लिहिता येत नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र बाकीच्या प्रकारांना. म्हणजे तो नवा कागद मागायलाच नको होता. दोन्ही ओळी पिवळ्या मार्करने रंगवून पुन्हा गेले.

"हे केंद्राचं आहे. आम्हाला आमचं परिपत्रक लागतं."

यावर काय बोलणार! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 17 जादा वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख करतं, तो कायदा काय फक्त दिल्लीत चालतो? हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "असं करा, नाव बदलता येत नाही हे मला लेखी द्या." लेखी म्हटल्यावर मात्र त्यांची फाइल हलली. "वरच्या साहेबांना भेटा." साहेब रजेवर. मग मीटिंगमध्ये. मुलगा रोज विचारायचा, "मॅडम, काही कळलं का?" आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटायचं. शेवटी साहेब भेटले. त्यांनी कागद वाचलाही नाही, चहाचा कप बाजूला सरकवून सही ठोकली. एवढ्यासाठी सगळी यातायात!

म्हणून सांगते, पहिल्याच अर्जाबरोबर पर्यायी लेखनिकाचे कागदही जोडून ठेवा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. लेखनिक आपण आणला तर 2018 च्या त्या तत्त्वांनुसार त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं; सध्याचा नियम काय आहे, तेही आधीच पाहून घ्या.

नोट्स देताना युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीतली, म्हणजे युनिकोड नसलेल्या फाँटमधली जुनी फाइल स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखं मजकूर वाचून दाखवणारं ॲप) वाचायला लागला की निव्वळ अगम्य काहीतरी ऐकू येतं, आणि झेरॉक्स स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ तर त्याच्यासाठी कोरा कागद. आलेख काढायच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न द्यावा, असंही त्याच 2018 च्या तत्त्वांत आहे. पेपर सेट करणाऱ्यांनी कृपया वाचावं.

अपंगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असलेला, पण लिहिताना खरंच अडचण असलेला विद्यार्थी आला तर त्याला परत पाठवू नका. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात अशांनाही लेखनिक नाकारता येणार नाही, असं सांगितलंय.

हो, आणि वेळ. तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटं. आमच्या ब्लॉक सुपरवायझरने अर्ध्या तासातच उत्तरपत्रिका मागितली होती. मी दाराशीच उभी होते म्हणून बरं. तुम्ही त्यांना हे आदल्या दिवशी लेखी कळवा.